देवमनच्या आधी नंबर

ही गोष्ट खरी आहे.

पेजवर सगळेच असं लिहितात, ठाऊक आहे मला. खाली कमेंटमध्ये "फेकू नका ताई" म्हणणारेही ठरलेले आहेत. त्यांना आधीच सांगते, पटत नसेल तर पुढे सरका. मला लाइक नकोत. मला फक्त हे कुठेतरी लिहून मोकळं व्हायचंय.

आणि हो, यात अमावास्येची रात्र नाही. पिंपळ नाही. पांढऱ्या साडीतली बाई तर मुळीच नाही.

ही भर दुपारची गोष्ट आहे.

गेल्या वर्षीचा मे महिना. गाव अमरावती. वऱ्हाडातली मे महिन्याची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली आणि आत कूलरसमोर पाय पसरून मालक झोपलेला.

अशा दुपारी हे घडलं. माझ्या सख्ख्या मावसबहिणीसोबत.

तिचं नाव संध्या. मी तिला संध्याताई म्हणते. माहेर-सासर वगैरे काही भानगड नाही, लग्न केलेलं नाही तिनं. घर चांदूर बाजारला, घरात ती आणि तिची आई, म्हणजे माझी केशरमावशी. आमच्या घराण्यात भूत, भानामती, अंगारे-धुपारे काही चालत नाही. आजोबा बुधाजींनी ते सगळं दाराबाहेर काढलं ते कायमचं. त्यामुळे ताईनं ही हकिकत मला सांगितली तेव्हा मी आधी हसले होते.

आता हसत नाही.

ताई गणितात पीएचडी करत होती. पोट भरायला म्हणून अमरावतीत एका छपाईच्या दुकानात काम करायची. विद्यापीठाच्या रस्त्याला अशी खूप दुकानं आहेत, टायपिंग, प्रिंट, बाइंडिंग करून देणारी. हे दुकान त्यांतलंच, पण जरा वेगळं. इथे गणिताचे, फिजिक्सचे प्रबंध यायचे. सगळी चिन्हं, सगळी सूत्रं अगदी पुस्तकासारखी सुबक जुळवून मिळायची.

मालकांचं नाव महादेवराव. माणूस साधा. दुकानातला मुख्य कॉम्प्युटर मात्र एकदम जुनाट विचारांचा. त्यात माऊसनं टिचकी मारून प्रिंट वगैरे नाही. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि सगळं काम हुकूम टाइप करून. एलपीआर लिहिलं की फाइल प्रिंटरकडे जाते. एलपीक्यू लिहिलं की रांग दिसते, कोणाचं काम पहिलं, कोणाचं दुसरं. एलपीआरएम लिहिलं की रांगेतून काम काढता येतं.

मला हे तिन्ही ताईनं शिकवले. शिकले नसते तर बरं झालं असतं.

ही सगळी व्यवस्था बसवली होती देवमन नावाच्या माणसानं.

देवमन शिशाच्या खिळ्यांच्या काळातला, छापखान्यात अक्षरं जुळवणारा जुळारी. खिळे गेले, कॉम्प्युटर आले, तर हा पठ्ठ्या म्हातारपणी काळा पडदा शिकला. हुशार होता, त्यात वाद नाही. पण स्वभाव... विचारू नका. गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जायचा. दिवसभर डाव्या तळहातावर पन्नी धरून खर्रा घोटत बसायचा. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तासन् तास रगडतात, तो खर्रा. त्याचा एक आवाज असतो.

चर्र... चर्र... चर्र...

आणि त्याचं एकच वेड होतं. नंबर.

त्याच्या कामाच्या आधी कोणी आपलं काम प्रिंटरला पाठवलं तर तो रांगेतून ते काढून फेकायचा. मालकाचं असलं तरी. "माह्या आधी कोनी नाही," एवढंच म्हणायचा. वर शिवी.

ताई तिथे लागली तेव्हा देवमन मरून बरीच वर्षं झाली होती. तिनं त्याला कधी पाहिलंही नव्हतं. पण दुकानात एक रीत होती. एलपीआर थेट वापरायचं नाही. महादेवरावांनी 'छाप' नावाचा एक हुकूम करून घेतला होता, तोच लिहायचा. 'छाप' लिहिलं की आधी प्रिंटरमधून एक कोरा कागद बाहेर यायचा. देवमनच्या नावानं. मग आपलं काम.

तो कोरा कागद उचलून कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी खुर्चीवर ठेवायचा.

ती देवमनची खुर्ची.

"हे काहून करता काका?" ताईनं सुरुवातीला विचारलं होतं.

"मान हाय त्याचा," महादेवराव म्हणाले होते. "पोयाच्या तोरणाखालून मानाची बैलजोडी आधी जाते का नाही? तसंच हे. त्याले एक कागद पुरते. तू इचारू नोको."

ताईला हे वेडगळ वाटायचं. पण नोकरी होती. कागद खुर्चीवर ठेवायची आणि कामाला लागायची.

आता त्या दुपारचं ऐका.

ताईच्या प्रबंधाचा तो शेवटचा दिवस होता. वाढवून मागितलेली मुदतही संपत आलेली. संध्याकाळी पाचला विद्यापीठाची खिडकी बंद होणार, आणि तोवर छापलेल्या प्रती दिल्या नाहीत तर नोंदणीच रद्द. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. अकोल्याच्या एका कॉलेजात तिची निवड जवळपास झालेली होती, तीही प्रबंध जमा केल्याची पावती दाखवली तरच. मावशीनं शेजारपाजारी पेढे वाटायची तयारी करून ठेवली होती. तुम्हीच सांगा, पोरीचा जीव किती टांगणीला लागला असेल!

मार्गदर्शकांनी शेवटची दुरुस्ती त्याच सकाळी सांगितली. ती करेपर्यंत दुपार झाली.

महादेवराव पुतण्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, अचलपूरला निघाले होते. एसटी पकडायची घाई. जाताना किल्ली तिच्या हातात दिली.

"तुह्यं काम काढून घे आरामात. पहिला कागद विसरजो नोको."

"हो काका."

ताईनं प्रबंधासाठी जाड बॉन्ड पेपर आणला होता. अगदी मोजून. तो ट्रेमध्ये भरला. पीडीएफ तयार झाली. काळ्या पडद्यावर तिनं बोटं ठेवली... आणि थांबली.

'छाप' लिहिलं तर प्रत्येक प्रतीआधी एक चांगला कागद वाया जाणार. शेवटच्या प्रतीला कागद कमी पडला तर? बाजार दुपारचा बंद. एका मेलेल्या माणसाच्या हट्टापायी आपला प्रबंध अडायचा?

तिनं 'छाप' लिहिलं नाही.

तिनं थेट एलपीआर लिहिलं. एंटर दाबलं.

प्रिंटरनं घरघर केली. दिवा हिरवा झाला. आणि...

काहीच नाही.

ताई वाट बघत राहिली. म्हटलं, मोठी फाइल आहे, वेळ लागतोय. घाई असली की एक-एक क्षण किती लांब होतो. ती उठून प्रिंटरजवळ गेली, झाकण उघडून पाहिलं. कागद अडकला नव्हता. शाई होती. सगळं ठीक.

परत येऊन तिनं एलपीक्यू लिहिलं. रांग उमटली.

दोन कामं.

दुसऱ्या नंबरवर संध्या.

पहिल्या नंबरवर... देवमन.

ताईला आधी रागच आला. वाटलं, महादेवकाकांनी सकाळी काही पाठवून ठेवलं असेल. ते नाव मशीनमध्ये अजून होतंच, काकांनी कधी पुसू दिलं नव्हतं. पण देवमनच्या त्या कामाला फाइलच नव्हती. आकार शून्य. काही न छापता एक काम पहिला नंबर अडवून बसलं होतं.

तिनं एलपीआरएम लिहून ते काढून टाकलं. पुन्हा रांग पाहिली. फक्त संध्या. पहिला नंबर.

तिनं सुस्कारा सोडला.

आणि मग तिच्या लक्षात आलं... कूलरचा आवाज येत नाहीये.

तिनं मान वळवली. कूलर चालू होता. पाती फिरत होती. तिच्या कपाळावरचे केस वाऱ्यानं उडत होते. पण आवाज नाही. बाहेर रस्त्यावरचाही नाही. एखादा ऑटो, एखादा हॉर्न, काही म्हणजे काही नाही.

त्या शांततेत एक बारीक आवाज सुरू झाला.

चर्र... चर्र... चर्र...

ताईला वाटलं प्रिंटर कागद ओढतोय.

प्रिंटर बंद होता.

चर्र... चर्र...

आवाज मागून येत होता. खुर्चीच्या कोपऱ्यातून. चुन्याचा आणि ओल्या तंबाखूचा वास आला, असा की घशात खवखव व्हावी. तिनं मागे पाहिलं नाही. ताई म्हणते, मला कळत होतं की पाहिलं तर दिसेल. म्हणून मी पाहिलं नाही.

तिनं पडद्यावर डोळे ठेवून पुन्हा रांग मागवली.

पहिला नंबर देवमन. दुसरा संध्या.

तिनं पुन्हा काढलं. तो पुन्हा आला. पुन्हा काढलं. या वेळी पडद्यावर उत्तर आलं की हे काम तुम्ही काढू शकत नाही, तुम्ही याच्या मालक नाही. जिला दुकानातले सगळे हक्क होते तिला मशीन असं सांगत होतं!

आणि प्रिंटर सुरू झाला.

पहिला कागद बाहेर पडला. कोरा.

दुसरा. कोरा.

तिसरा, चौथा... मोजून आणलेला बॉन्ड पेपर एकेक करून बाहेर पडत होता. कोरा, पण गरम. आणि प्रत्येक कागदाच्या मधोमध अंगठ्यानं रगडल्यासारखी चुरगळ.

ताई ओरडली आणि तिनं प्रिंटरची वायरच उपटली. मग मोबाइल घेऊन बाहेर उन्हात पळाली. बाहेर पाऊल टाकताच सगळे आवाज एकदम कानावर आदळले. तिनं महादेवरावांना फोन लावला. तिकडे बँड वाजत होता.

"काका, प्रिंटर काम करून नाही राहिला. रांगेत देवमनचं नाव येते. काढलं का पुन्हा येते."

बँडचा आवाज कमी झाला. काका बाजूला गेले असावेत.

"पहिला कागद देल्ला होता तू?"

ताईनं मागे दुकानाकडे पाहिलं.

"पोरी, मी काय म्हनून राहिलो? देल्ला होता का?"

"नाही काका. कागद कमी होता."

"अवं काय केलं तुनं हे!" काका रडवेले झाले होते. "तो तसाच गेला ना बापा. अशीच दुपार होती. काम पाठवलं त्यानं अन् लाइन गेली, करंटच बंद. मी म्हनलं, उठा, जेवून घ्या. तर म्हने, उठलो का नंबर जाते. खुर्चीतच बसून राहिला खर्रा घोटत. लाइन आली तं प्रिंटरनं त्याच्या नावाचं पान काढलं अन् बंद पडला. मी पायलं तं त्याचा हात थांबेल होता."

"आणि त्याचं काम?"

"निंगालंच नाही कधी. काय होतं कोनाले मालूम. तवापासून रांगेतच हाय. एक कागद देल्ला का तेवढ्या कामापुरता गप राह्यते. तू आता तिथी थांबू नोको. कुलूप लाव अन् घरी जा."

"काका, मला पाचच्या आत जमा करायचंय. कसं घरी जाऊ?"

बँडचा आवाज पुन्हा वाढला, काका परत निघाले असावेत. मग म्हणाले, "त्याच्या आधी घुसू नोको एवढंच सांगतो." फोन ठेवला.

ताई हरणाऱ्यातली नाही. तिनं धीर करून आत जाऊन पेन ड्राइव्ह काढला, उरलेला आणि चुरगळलेला सगळा कागद उचलला, आणि समोरच्या धर्मेंद्रच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. धर्मेंद्र चांदूर बाजारचाच, ओळखीचा. तिनं झोपेतून उठवलं त्याला. तो डोळे चोळत बसला, पेन ड्राइव्ह लावला, प्रिंट दिली. त्याचा कॉम्प्युटर साधा, माऊसवाला. दोन्ही दुकानांचा एकमेकांशी तारेचाही संबंध नाही.

त्याचा प्रिंटर सुरू झाला. ताईनं डोळे मिटून घेतले.

"संध्याताई..." धर्मेंद्रचा आवाज आला. "हे देवमन कोन हाय?"

तिनं डोळे उघडले. प्रिंटरच्या छोट्या खिडकीत ते नाव सरकत होतं. ट्रेमध्ये कोरे कागद पडत होते. गरम. चुरगळलेले.

मग धर्मेंद्रनं एकदम कान टवकारले. आपल्याच दुकानाच्या मागच्या भिंतीकडे पाहू लागला.

"इथी कोन खर्रा घोटून राहिलं?"

दुकानात त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

त्यानं पेन ड्राइव्ह उपटून तिच्या हातात कोंबला. "ताई, तुमी जा बापा. हात जोडतो. माह्या दुकानात नोको हे."

एरवी ताई-ताई करत चहा पाजणारा धर्मेंद्र. त्यानं तिच्या तोंडावर शटर खाली ओढलं.

ताई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. डोक्यावर ऊन, हातात चुरगळलेले कागद. ती सांगते, तेव्हा भीती संपली आणि नुसता संताप उरला. आयुष्यभर रांगेत मागे उभी राहिलेली पोरगी. शिष्यवृत्तीच्या रांगेत, वसतिगृहाच्या रांगेत, मुलाखतीच्या रांगेत. आता एक मेलेला माणूस तिच्या आधी उभा होता आणि त्याला छापायचं काहीच नव्हतं!

ती तरातरा दुकानात परत गेली.

कूलर मुका. चर्र... चर्र... चालूच. वास आता इतका दाट की डोळ्यांतून पाणी यावं. तिनं वायर जोडली, कागद तळहातानं सरळ करून ट्रेमध्ये भरले. आधी 'छाप' लिहून त्याचा पहिला कागद दिला. तो बाहेर आला तो मधोमध फाटलेला.

एवढ्यावर तो ऐकणार नव्हता.

मग तिला एक गोष्ट आठवली. एलपीआर लिहिताना काम कोणाच्या नावानं जातंय ते सांगायची सोय असते. दुसऱ्याच्या नावानंही पाठवता येतं.

त्याला आपल्या आधी कोणी नको. मग आपलं काम त्याचंच असलं तर?

तिची बोटं पुढे होईनात. इतक्या वर्षांचं काम. आईनं शिवणयंत्र चालवून चालवून शिकवलेलं. ते दुसऱ्याच्या नावानं पाठवायचं, मिनिटभरासाठी का होईना. पण मुखपृष्ठावर तर आपलंच नाव आहे, तिनं स्वतःला समजावलं. रांगेतलं नाव कोण बघतं?

तिनं हुकूम लिहिला. मालक, देवमन.

एंटर.

चर्र... चर्र... च...

आवाज थांबला.

पाठीमागे खुर्ची करकरली. कोणीतरी उठल्यासारखी.

आणि प्रिंटर असा सुटला की टेबल हलायला लागलं. सर्वात आधी एक पान आलं, त्यावर मोठ्या अक्षरांत देवमन. मग तिचा प्रबंध. पान, पान, पान. एकही सूत्र इकडचं तिकडे नाही. एकही पान चुरगळलेलं नाही, तेच चुरगळलेले कागद असून! सगळ्या प्रती झाल्या तेव्हा ट्रे बरोबर रिकामा झाला. आणि कूलरचा आवाज परत आला.

ताईनं भराभर बाइंडिंग केलं. नावाचं ते पान खुर्चीवर ठेवलं. निघताना सवयीनं एलपीक्यू लिहून पाहिलं.

देवमन रांगेत नव्हता. या वेळी तो परतही आला नाही.

एकच काम उरलं होतं. तिनं सुरुवातीला पाठवलेलं. संध्या, पहिला नंबर. ते निघालंच नव्हतं.

तिनं काढून टाकायचा हुकूम दिला. उत्तर आलं, तुम्ही याच्या मालक नाही.

तिच्याच कामाची ती मालक नव्हती.

पण घड्याळ पळत होतं. तिनं पडदा बंद केला, शटर ओढलं आणि ऑटो पकडला. खिडकी बंद होता होता प्रती आत गेल्या. पावती मिळाली.

पुढे सगळं छान झालं. ताई डॉक्टर झाली. अकोल्याच्या कॉलेजात लागली. मावशीला घेऊन तिथेच खोल्या भाड्यानं घेतल्या. मावशीनं पेढे वाटले ते अख्ख्या गल्लीत. ताईनं तेव्हाच मला हे सगळं सांगितलं आणि मी हसले.

दिवाळीच्या सुमारास महादेवरावांचा फोन आला.

"संध्या, तुह्या नावाचं पान येऊन राहिलं."

"कसलं पान काका?"

"रोज सकायी. दुकान उघडलं का पहिलं पान तुह्या नावाचं निंगते. त्याचं नाव आता येतच नाही. त्याचं काम झालं ना. तुनं आपलं काम त्याच्या नावानं काढून देल्लं, तो गेला सुटून. अन् तुह्या नावाचं तसंच राह्यलं पोरी. रांगेत."

ताई अमरावतीला जाऊन आली. काढायचा खूप प्रयत्न केला. शेवटी काकांनी तो प्रिंटर आणि तो कॉम्प्युटर दोन्ही भंगारात दिले. वाटलं, संपलं.

यंदा मे महिन्यात मी अकोल्याला तिच्याकडे गेले होते. परीक्षेचं हॉल तिकीट छापायचं होतं. घरी तिचा लहानसा प्रिंटर आहे, नवा कोरा. दुपारची वेळ. ताई कूलरसमोर खुर्चीत बसली होती, पाठमोरी. मी तिच्या लॅपटॉपवरून प्रिंट दिली.

निघेना.

मी एलपीक्यू लिहिलं. तिनंच शिकवलेलं.

दुसरा नंबर माझा. पहिला... संध्या. आकार शून्य.

"ताई, तुझं काहीतरी अडकलंय गं," मी म्हटलं. "काढू का?"

मी उत्तरासाठी मान वर केली.

तेव्हा मला जाणवलं की कूलरचा आवाज येत नाहीये.

आणि एक दुसरा आवाज येतोय. बारीक.

मी उठून तिच्यासमोर गेले. माझी ताई. जिनं आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. तिच्या डाव्या तळहातावर काहीही नव्हतं. आणि उजव्या हाताचा अंगठा त्या रिकाम्या तळहातावर फिरत होता. रगडत होता. कातडी लाल झाली होती.

चर्र... चर्र... चर्र...

"माह्या आधी," ती म्हणाली, "कोनं पाठवलं?"

आवाज तिचाच होता. पण त्या बोलण्यात एवढा द्वेष होता की मी दोन पावलं मागे सरकले. लहानपणी जिनं मला मांडीवर घेऊन पाढे शिकवले ती माझ्याकडे असं पाहत होती जसं मी तिच्या ताटातलं ओढून घेतलंय.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशी आली. घाबरली नव्हती. कपाटातून एक कोरा पांढरा कागद काढला आणि ताईच्या मांडीवर ठेवला.

"घे बाई. आधी तुहं."

अंगठा थांबला. कूलरचा आवाज आला. ताईनं डोळे मिचकावले आणि मला म्हणाली, "अगं, कधी आलीस? चहा घेतलास का?"

मी सकाळपासून तिच्याकडेच होते.

ज्या घरात कधी अंगारा आला नाही, त्या घरात माझी मावशी रोज दुपारी लेकीसमोर कोरा कागद ठेवते. कोणालाही सांगत नाही. मला हात धरून दारापर्यंत सोडायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "कायजी करू नोको. एक कागद पुरते तिले."

हे ऐकून मी परत आले. मनाला समजावत राहिले की चला, एका कागदावर तरी भागतंय.

परवा मावशीचा फोन आला. रडत होती. मी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा बोलली.

आता एक कागद पुरत नाही म्हणे.